मातीच्या पाटीवरचा महापूर

सहलीहून परतलेल्या शाळकरी मुलांना ‘संग्रहालयात काय पाहिलेत?’ असे विचारून पाहा. ‘तलवारी पाहिल्या, पेंढा भरलेला वाघ पाहिला, देवांच्या पुष्कळ मूर्ती पाहिल्या’ असे उत्तर मिळते. कोणत्या देवांच्या? मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. यात मुलांचा दोष नाही. दोन तासांत तीन मजले संपवायचे, बाहेर एस. टी. उभी, दारात गुरुजी डोकी मोजताहेत. अशा घाईत देव काय आणि वाघ काय, सारखेच डोळ्यांपुढून सरकतात.

शिवाय दुसरीही एक अडचण आहे. देवळात गेल्यावर काय करायचे हे आपल्याला ठाऊक असते. पायताण बाहेर काढावे, घंटा वाजवावी, हात जोडावेत, अंगारा लावावा. संग्रहालयात मात्र तोच देव काचेआड उभा असतो, त्याच्या अंगावर ना शेंदूर ना हार, पायाशी एक छापील चिठ्ठी. आणि आपले हात उगाच घुटमळतात. जोडावेत की खिशात घालावेत? एखादी म्हातारी सरळ नमस्कार करून पुढे जाते. तिला कुणी हसू नये. पण नमस्कार झाल्यावर तिने आणि तिच्या नातवाने आणखी थोडे थांबावे, एवढेच माझे म्हणणे. कारण आता ती मूर्ती बोलायला मोकळी असते. देवळात आपण तिला आपले गाऱ्हाणे सांगतो. संग्रहालयात ती आपल्याला तिची हकीकत सांगू शकते.

अशी हकीकत कशी ऐकावी, हे सांगण्यासाठी आज मी तुम्हांला थोडे लांब नेणार आहे. लंडनच्या ब्लूम्सबरी भागात ब्रिटिश म्युझियम आहे. हॅन्स स्लोन नावाच्या एका डॉक्टरने जन्मभर जमविलेल्या वस्तूंवर ते उभे राहिले. १७५३ साली पार्लमेंटने त्याचा कायदा केला आणि १७५९ च्या जानेवारीत ते लोकांना खुले झाले. आज तेथे सुमारे ऐंशी लाख वस्तू आहेत, पण त्यांतली शंभरातली एखादीच दालनात मांडलेली असते, बाकीच्या भांडारात. त्या अफाट पसाऱ्यातून आपल्याला एकच वस्तू पाहायची आहे. ती भाजलेल्या मातीची आहे, फुटकी आहे आणि हाताच्या पंजात मावेल एवढीच आहे.

तिच्याकडे जाताना वाटेत दोन राखणदार भेटतात, त्यांना डावलून चालणार नाही. प्राचीन असीरियाच्या राजवाड्यांच्या दारांत उभे केलेले हे दगडी बैल. धड बैलाचे, पंख गरुडाचे आणि तोंड माणसाचे. लांब कुरळी दाढी आणि डोक्यावर शिंगांचा मुकुट. त्या देशात शिंगांचा मुकुट ही देवत्वाची खूण होती. खोरसाबादचे बैल तर उंचीला चौदा फुटांहून अधिक आहेत. मुलांना सांगायची गंमत ही, की याचे पाय मोजा म्हणावे. पाच भरतात! समोरून पाहिले तर दोन पाय जुळवून तो ठाम उभा आहे. बाजूने पाहिले तर चार पाय टाकीत चालतो आहे. दारात येणाऱ्याला तो उभा दिसावा आणि आत जाणाऱ्याला बरोबर चालताना दिसावा, म्हणून पाथरवटाने एक पाय जास्त कोरला. आपल्या देवांना चार हात असतात म्हणून परदेशी प्रवाशांनी पूर्वी नाके मुरडली होती. त्यांच्याच राजधानीत हा पाच पायांचा देव मोठ्या थाटात उभा आहे, आणि त्याचे कारणही तितकेच सरळ आहे. जे एका नजरेत मावत नाही ते दाखवायचे, तर कारागिराला निसर्गाचा हिशेब थोडा मोडावाच लागतो.

हे सारे आले कोठून? आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठी मोसूल शहर आहे. त्याच्या आसपास मातीचे मोठमोठे उंचवटे होते. आपल्या गावाशेजारी पांढरीचे टेकाड असते ना, तसेच, पण डोंगराएवढे. १८४५ साली ऑस्टिन हेन्री लेयर्ड या इंग्रज तरुणाने त्यांतले निमरूदचे टेकाड खणायला घेतले. पुढे मोसूलचाच रहिवासी असलेला हर्मुझ्द रस्साम त्याच्या बरोबरीने काम करू लागला. निमरूदला आणि मग नदीपलीकडच्या निनवेला राजवाडेच्या राजवाडे मातीखाली सापडले. इतके अवजड दगड हलवायचे कसे? आपल्याकडे भोपळ्यांची सांगड बांधून नदी पार करीत, तसे तेथले लोक बकऱ्यांची कातडी फुगवून, त्यांवर लाकडे बांधून तराफे करीत. त्या तराफ्यांवरून देव टायग्रिसमधून बसऱ्यापर्यंत वाहत गेले.

आणि बसऱ्याहून? बसऱ्याहून निमरूदच्या कित्येक पेट्या मुंबईला आल्या. होय, आपल्या मुंबईला. १८४८ साली त्या येथे उघडल्या गेल्या, लोकांनी आतल्या वस्तू पाहिल्या, आणि मग त्या पुन्हा बंद करून लंडनच्या जहाजावर चढविण्यात आल्या. पुन्हा भरताना त्यांची मांडणी विस्कटली, अशी लेयर्डची तक्रार होती. बंदरावरच्या कुणा मराठी हमालाने ते पंखवाले देव प्रथम पाहिले असतील तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, ते कोणी लिहून ठेवले नाही. हे मला नेहमी चुटपुट लावते.

आता ती लिपी. असीरिया आणि बाबिलोनियाचे लोक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचे टोक दाबून लिहीत. बोरू ओढायचा नाही, नुसता दाबायचा. म्हणजे खिळ्यासारखी, पाचरीसारखी खूण उमटते. ही कीलाकार लिपी दीड-दोन हजार वर्षे कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडणाऱ्यांतला एक हेन्री रॉलिन्सन. तो १८२७ साली मुंबईच्या सैन्यात दाखल झालेला कंपनी सरकारचा नोकर. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहू राजाचा एकच लेख तीन भाषांत कोरलेला आहे, तो त्याने जीव धोक्यात घालून उतरवून घेतला. अगदी अवघड जागी तर एका कुर्दी पोराला दोरावर लोंबकळत पाठविले. पुढे १८५७ साली चौघा विद्वानांना एकच नवा लेख निरनिराळा देऊन भाषांतरे मागविण्यात आली. ती मिळतीजुळती निघाली आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली. आपल्याकडे सत्तावन्नची धुमश्चक्री चालू होती, त्याच वर्षीची ही गोष्ट.

निनवेच्या राजवाड्यात दगडी बैलांपेक्षाही मोलाचे असे काही सापडले. अशुरबनिपाल राजाचे ग्रंथालय. हा राजा इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला. युद्धात क्रूर, पण ग्रंथांचा लोभी. देशोदेशींच्या जुन्या पाट्या मागवून त्यांच्या नकला करवून घेण्याचा त्याला नाद होता. नकलनवीसही इमानी. मूळ पाटी जेथे फुटलेली असेल तेथे ते पदरचे काही न घालता ‘येथे फुटले आहे’ असे लिहून मोकळे होत. आपल्या पोथ्या उतरणारेही शेवटी लिहीत, की समोर होते तसे उतरविले, चुकले असेल तर मला बोल लावू नका. देश निराळे, पण लेखकूचे भय एकच!

इसवी सनापूर्वी ६१२ साली शत्रूंनी निनवे जाळले. ग्रंथालय कागदाचे असते तर त्याची राख झाली असती. मातीचे होते म्हणून कित्येक पाट्या त्या आगीत भाजून निघाल्या आणि विटेसारख्या पक्क्या झाल्या. छप्पर कोसळले, भिंती पडल्या, वर माती चढली. अडीच हजार वर्षांनी लेयर्ड आणि रस्साम यांना तेथे पाट्यांचे आणि तुकड्यांचे खच सापडले. आज ब्रिटिश म्युझियममध्ये असे तीस हजारांहून अधिक तुकडे आहेत.

हे तुकडे जुळवीत बसणाऱ्यांत जॉर्ज स्मिथ नावाचा एक गरिबाघरचा माणूस होता. १८४० सालचा जन्म. शाळा लवकर सुटली, आणि नोटा छापण्याचे ठसे कोरणाऱ्या कारखान्यात तो उमेदवार म्हणून लागला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हा मुलगा डबा खायचे सोडून म्युझियममध्ये जाऊन पाट्या न्याहाळीत बसे. बारीक रेघोट्यांना सरावलेले डोळे त्याच्या उपयोगी पडले. कॉलेजचे तोंड न पाहता तो त्या लिपीचा असा जाणकार झाला, की १८६७ साली म्युझियमनेच त्याला नोकरीवर घेतले. शिक्षकबंधूंना मी मुद्दाम सांगतो, ही गोष्ट वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांना ऐकवा.

१८७२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात स्मिथच्या हाती एक तुकडा आला. त्याच्यावर चुन्यासारखी पुटे चढली होती. जेवढे दिसत होते तेवढ्यात त्याने वाचले : एक नाव डोंगराला लागून थांबली आहे, एक कबुतर सोडले आहे, त्याला टेकायला जागा मिळाली नाही म्हणून ते परत आले आहे. पाटी साफ करणारा कारागीर गावाला गेलेला. तो येईपर्यंत स्मिथला दम धरवेना. पाटी साफ होऊन आली, त्याने पुढचे वाचले, आणि तो आनंदाच्या भरात खोलीभर धावू लागला व अंगावरचे कपडे काढू लागला, असे सांगतात. इंग्रज माणसाकडून एवढे झाले म्हणजे गोष्ट साधी नसणार!

कबुतराची ती गोष्ट इंग्लंडातल्या प्रत्येक मुलाला पाठ होती. ख्रिस्ती आणि यहुदी धर्मग्रंथांत नोहाची कथा आहे. माणसे पापी झाली म्हणून ईश्वराने महापूर आणला; नोहा मात्र सज्जन, म्हणून त्याला नाव बांधायला सांगून वाचविले. तीच कथा या मातीच्या तुकड्यावर, पण दुसऱ्याच लोकांच्या भाषेत, दुसऱ्याच देवांच्या नावाने लिहिलेली होती. ३ डिसेंबर १८७२ रोजी स्मिथने लंडनच्या एका विद्वत्सभेत ती वाचून दाखविली, तेव्हा खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन ऐकायला आले होते.

पाटीवरची कथा आता नीट ऐका. ती गिल्गामेश नावाच्या राजाच्या मोठ्या काव्याचा अकरावा भाग आहे. गिल्गामेशचा जिवलग मित्र एन्किदू मरण पावतो. मृत्यूच्या धास्तीने राजा राज्य सोडतो आणि कधी न मरणाऱ्या एका माणसाला शोधीत जगाच्या टोकाला जातो. त्या माणसाचे नाव उत्-नपिश्तिम. तो आपली हकीकत सांगतो. देवांनी महापूर आणायचे ठरविले आणि कुणाला कळू द्यायचे नाही अशा शपथा घेतल्या. एआ या शहाण्या देवाला माणसांची दया आली, पण शपथ कशी मोडावी? त्याने माणसाला काही सांगितले नाही. तो उत्-नपिश्तिमच्या झोपडीच्या कुडाशी बोलला! कुडाला सांगितले, की घर मोड, नाव बांध, सर्व जिवांचे बीज तीत घे. कुडाआड माणूस ऐकतच होता. कायद्यातली पळवाट फार जुनी आहे, बरं का.

नाव बांधली गेली. सात मजली, लांबीरुंदीला सारखी, डांबराने लिंपलेली. घरची माणसे, गुरेढोरे, रानातली जनावरे आणि निरनिराळ्या कसबांचे कारागीर तीत चढले. मग वादळ सुटले. सहा दिवस आणि सात रात्री काळोख आणि पाणी. त्या कल्लोळाने देवसुद्धा भ्याले. वर स्वर्गात जाऊन कुत्र्यांसारखे अंग आखडून बसले. इश्तार देवी बाळंतिणीसारखी ओरडली, की ही माझीच लेकरे, आणि यांच्या नाशाला मी कशी रुकार दिला! सातव्या दिवशी पाणी शांत झाले. उत्-नपिश्तिमने झरोका उघडला. सगळी माणसे चिखल होऊन गेली होती. तो खाली बसून रडला. नाव डोंगराला टेकली. त्याने कबुतर सोडले, ते परत आले. पाकोळी सोडली, तीही परत आली. डोमकावळा सोडला, त्याला पाणी ओसरलेले दिसले, खायला मिळाले, तो आलाच नाही. मग त्याने डोंगरमाथ्यावर देवांना नैवेद्य दाखविला, आणि इतके दिवस उपाशी राहिलेले देव माश्यांसारखे त्याभोवती गोळा झाले.

कथेतला सर्वांत तापट देव एन्लिल. माणूस जिवंत राहिलाच कसा म्हणून तो चिडला. तेव्हा एआने त्याला सुनावले : ज्याचा गुन्हा त्याला शिक्षा करावी; सरसकट सगळ्यांना बुडविणे हा कोठला न्याय? माणसे कमी करायची होती तर सिंह पाठवायचा, लांडगा पाठवायचा, दुष्काळ पाठवायचा. एन्लिल वरमला, आणि त्याने उत्-नपिश्तिम आणि त्याच्या बायकोला अमर केले.

यात एक बारीक तपशील आहे, तो घाईत निसटतो. नावेचे दार बाहेरून लिंपून बंद करायला एक माणूस लागला. त्याचे नाव पाटीवर आहे. त्या कामाबद्दल उत्-नपिश्तिमने त्याला आपला वाडा आतल्या मालमत्तेसकट देऊन टाकला. लागलीच पाणी आले. त्या माणसाचे आणि त्याच्या नव्या वाड्याचे काय झाले, ते पाटी सांगत नाही. ज्या कवीने हे लिहिले त्याला ते दिसत नव्हते असे मला वाटत नाही.

पाटी वाचली गेली आणि इंग्लंडात दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, पाहा, आमच्या धर्मग्रंथातली गोष्ट खरी ठरली, परक्यांनीही तिची साक्ष दिली. दुसरा म्हणाला, पाहा, ती गोष्ट उसनी ठरली. दोघेही खूश! एका वृत्तपत्राने, ‘डेली टेलिग्राफ’ने, हजार गिनी खर्चून स्मिथला निनवेला पाठविले. १८७३ च्या मे महिन्यात, खणायला लागून काही दिवस होतात न होतात तोच, महापुराच्या कथेचा आणखी एक तुकडा त्याला सापडला. तो दुसऱ्या, अधिक जुन्या काव्याचा होता हे मागाहून कळले. तिसऱ्या खेपेच्या प्रवासात, १८७६ च्या ऑगस्टमध्ये, आमांशाने अलेप्पोला त्याचा अंत झाला. वय अवघे ३६.

त्या अधिक जुन्या काव्याच्या इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या पाट्याही मिळाल्या आहेत. त्यात महापुराचे कारण स्पष्ट दिले आहे, आणि ते ऐकून कुणालाही हसू येईल. पृथ्वीवर माणसे फार झाली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिलची झोप मोडू लागली! पण जरा थांबून पाहा. याच काव्यात म्हटले आहे, की कालवे खणण्याचे काम देवांना झेपेना, म्हणून त्यांनी माणूस निर्माण केला. म्हणजे मालक, वेठबिगार आणि मालकाची झोप. पाटबंधाऱ्यावर जगणाऱ्या, राजाच्या हुकमाने कालवे उपसणाऱ्या लोकांना आपले देव असेच दिसायचे. गोष्ट देवांची असली तरी घाम माणसांचा आहे.

आता तुमच्यापैकी कित्येकांच्या ओठावर एक नाव आले असेल. मनू आणि मासा. आपल्या शतपथ ब्राह्मणात ही कथा आहे. हा ग्रंथ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातला मानतात. मनू सकाळी हात धूत असता ओंजळीत एक इवलासा मासा येतो. तो म्हणतो, मला जप, मी तुला तारीन. मोठे मासे लहानांना गिळतात. मनू त्याला घड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. मासा सांगतो त्या वर्षी पूर येतो. मनू नावेत बसतो, माशाच्या शिंगाला दोर बांधतो, आणि मासा त्याला उत्तरेच्या पर्वताकडे ओढून नेतो. नाव झाडाला बांधायची आणि पाणी उतरेल तसतसे खाली यायचे. मनू एकटा उरतो, पाण्यातच तूप-दह्याची आहुती देतो, आणि त्यातून इडा नावाची कन्या उत्पन्न होते.

वर्गात ही कथा आणि पाटीवरची कथा शेजारी शेजारी ठेवली, की हमखास एक मुलगा विचारतो, ‘सर, मग खरी कोणती? आणि आधी कोणाची?’ हा प्रश्न टाळू नका. ‘आपलीच आधीची’ असे ठोकून देणे सोपे आहे, आणि ‘सगळ्या भाकडकथा’ म्हणणे त्याहून सोपे. दोन्हीमुळे मुलाचे पाहणे तेथेच थांबते. लिखित पुरावा बाबिलोनियाचा जुना आहे, हे सरळ सांगावे. सिंधुकाठच्या मुद्रा तिकडच्या ऊर शहरात सापडल्या आहेत, म्हणजे जाणे-येणे फार जुने होते, हेही सांगावे. पण ही कथा त्या वाटेने आली की दोन्हीकडे आपापली उगवली, याचा निकाल विद्वानांत लागलेला नाही. पूर काय एकाच देशाला येतो?

मला विचाराल तर सारखेपणापेक्षा फरक अधिक बोलका आहे. बाबिलोनियाचे देव गोंगाटाने चिडून पूर आणतात आणि मग रडतात. यहुद्यांचा एकच ईश्वर पापाला शिक्षा म्हणून पूर आणतो. शतपथातल्या कथेत पूर का आला, याचे कारणच दिलेले नाही! कुणाचा राग नाही, कुणाचे पाप नाही. पूर येतो, जसा तो येतो. तेथे महत्त्वाची आहे ती ओंजळीतल्या माशाला दिलेली जागा आणि त्याने ठेवलेली जाण. आणखी एक. शतपथातला मासा विष्णू आहे असे तेथे कोठेच म्हटलेले नाही. महाभारतातल्या कथेत तो आपण ब्रह्मा असल्याचे सांगतो, तेथे नावेत सप्तर्षी आणि सर्व बियाणे येते. पुराणांत तो विष्णूचा अवतार होतो. मग देवळाच्या खांबावर आणि दशावताराच्या खेळात आपण जो मत्स्य पाहतो, तो या साऱ्या वाटा चालून आलेला असतो. त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी त्याला वाढविले, मनूने घड्यातून खड्ड्यात आणि खड्ड्यातून समुद्रात नेले तसेच.

‘पूर खरोखर आला होता का?’ हाही प्रश्न येतोच. १९२९ साली लेनर्ड वुली याला ऊर येथे खणताना जुन्या वस्तीवर कित्येक फूट जाडीचा स्वच्छ गाळ लागला. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पूर ओसरल्यावर पोयटा कसा बसतो ते त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. वुलीने जाहीर केले, की हाच तो महापूर. पण पुढे दुसऱ्या गावांतही गाळाचे थर मिळाले आणि त्यांचे काळ जुळेनात. एक जगबुडी झाली नव्हती. दोन नद्यांच्या सखल देशात अनेक भयंकर पूर येऊन गेले होते. अर्विंग फिंकेल या अभ्यासकाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका जुन्या पाटीत तर नाव चक्क गोल आहे, डांबर लावलेल्या टोपलीसारखी. तशा गोल टोपल्या इराकच्या नद्यांवर विसाव्या शतकापर्यंत चालत होत्या. सांगणाऱ्याने आपल्या घाटावरची नाव कथेत घातली, इतकेच.

एक अवघड गोष्ट उरते, ती झाकून ठेवणे मला पसंत नाही. ही पाटी लंडनला का? लेयर्डपाशी तुर्की सुलतानाच्या वजिराचे पत्र होते, म्हणजे कागदोपत्री परवानगी होती. ती इस्तंबूलची होती, ज्यांच्या जमिनीत हे देव निजले होते त्या मोसूलकरांची नव्हती. १९६३ च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांचे हात बांधलेले आहेत. काही ठराविक कारणांखेरीज त्यांना वस्तू देऊन टाकता येत नाहीत. त्यांची बाजू घेणारे म्हणतात, इराकमध्ये २००३ साली बगदादचे संग्रहालय लुटले गेले, हजारो वस्तू गेल्या. २०१५ साली दहशतवाद्यांनी निनवेच्या वेशीवरचे पंखांचे बैल यंत्रांनी फोडले आणि निमरूदचा राजवाडा उडविला. लंडनमध्ये आहेत तेवढे वाचले. हे खरे आहे. पण २०२३ साली खुद्द ब्रिटिश म्युझियमनेच कबूल केले, की आपल्या भांडारातल्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ झाल्या, चोरीस गेल्या किंवा खराब झाल्या. हेही तितकेच खरे. गिल्गामेश काव्याचाच दुसरा एक तुकडा चोरट्या वाटेने अमेरिकेत गेला होता. तो २०२१ साली इराकला परत मिळाला. माझ्या मते ज्या मुलांच्या गावची ही पाटी, त्यांनाच ती पाहायला परदेशाचा परवाना काढावा लागतो, यात काहीतरी चुकते आहे. तुम्ही वर्गात दोन्ही बाजू मांडा आणि मुलांना भांडू द्या.

लंडन सगळ्यांना कुठले जमायला? पण मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, म्हणजे १९२२ साली लोकांना खुले झालेले पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, जमण्यासारखे आहे. तेथे निमरूदच्या राजवाड्यातल्या असीरियन शिल्पशिळा आहेत. पुढच्या सहलीत तेवढ्यापुढे पंधरा मिनिटे ठेवा, बाकीचे राहिले तरी चालेल. आणि निघण्यापूर्वी शाळेच्या अंगणात एक काम करून घ्या. चिकणमाती मळून तळहाताएवढ्या पाट्या थापा. बोरूचे टोक तिरके न कापता चौकोनी कापा आणि त्याचा कोपरा ओल्या मातीत दाबून उचला. त्रिकोणी डोके आणि लांब शेपूट अशी खूण उठेल. ओढली तर माती फाटते, हे मुलांना आपोआप कळेल. पाट्या सावलीत वाळवा. उन्हात ठेवल्या तर तडकतील. गावात कुंभाराची भट्टी असली तर दोन-चार पाट्या त्याच्याकडे भाजायला द्या, आणि दोन-चार कच्च्याच ठेवून पहिल्या पावसात अंगणात राहू द्या.